कमी गर्दीचा दिवस आणि आप्पा मयेकर

विसर्जन झालं की आमच्या मंडपामागे चपलांचा एक ढीग उरतो. कुणी न्यायला येत नाही आणि टाकून द्यायला आमचा जीव होत नाही. आमच्या ग्रुपचे किस्से तसेच साठलेत. परवा चहा पिता पिता लक्षात आलं, की त्यातले निम्मे किस्से एका थीम पार्कचे आहेत!

ग्रुप म्हणजे आमच्या लालबागच्या मंडळाचा लाइन विभाग. दहा दिवस दर्शनाच्या लाइनीत दोऱ्या धरायच्या आणि मूर्तीपाशी कुणी रेंगाळलं की "चला, पुढे चला, मागे लाइन आहे" म्हणत त्याला सरकवायचं, हे आमचं काम. ग्रुपात मी, विमा कंपनीतला. पिंट्या, लोअर परळला आयटीत. बंड्या, ज्याची स्वतःची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. आणि आमचे प्रमुख आप्पा मयेकर. सरकारी कचेरीतून रिटायर झालेत, पण गळ्यातल्या शिट्टीतून अजून नाही.

आप्पांची नजर म्हणजे नजर. लाइनीच्या शेपटाकडे एकदा बघतील आणि सांगतील, "दोन तास वीस मिनिटं." घड्याळ लावून बघा!

*

ही सवय दहा दिवसांपुरती असती तर बरं झालं असतं.

दादरला एका हॉलमध्ये पिंट्याच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. नवरानवरीला भेटायला ही गर्दी, स्टेजवर चेंगराचेंगरी. आप्पांना हात खिशात ठेवून बसणं जमेना. पाच मिनिटांत ते स्टेजच्या पायऱ्यांशी उभे!

"फोटोवाले डावीकडून! नुसतं पाकीट देणारे उजवीकडून! पाया पडणाऱ्यांनी एकदाच पडा!"

वीस मिनिटांत स्टेज मोकळं झालं. नवरीचे वडील कौतुकाने जवळ आले आणि म्हणाले, "आपण आमच्याकडचे की मुलाकडचे?"

आप्पा म्हणाले, "मी लाइनीकडचा!"

*

आता वहिनींबद्दल सांगायला हवं, कारण पार्कचं सगळं प्रकरण त्यांच्यापासून सुरू झालं.

मयेकरवहिनी देवगडकडच्या. लहानपणी गावच्या जत्रेत त्या पाळण्यात बसल्या होत्या, दोन माणसं हाताने फिरवतात त्या लाकडी पाळण्यात. वर पोचून जरा लांबवर बघतात तोच पाळणेवाला ओरडला, "उतरा, उतरा, मागे लाइन हा!" उतरावं लागलं. "माका समुद्र बघूचो होतो, दिसली ती कौलांच," असं त्या आजही सांगतात. त्यामुळे मोठ्या पाळण्यात एकदा निवांत बसायचं, एवढी एकच हौस. पनवेलच्या पुढे हायवेवरून आत एक मोठं पार्क आहे, तिथला पाळणा त्यांनी मोबाइलवर पाहून ठेवला होता.

अडचण एकच. वहिनींचे गुडघे. दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. म्हणून आप्पांनी शब्द दिला, "गर्दी नसेल त्या दिवशी नेतो. गर्दी मला कळते."

आणि हो, आप्पा बायकोला मागच्या दाराने दर्शनाला सोडत असतील असं वाटत असेल तर विसरा. गुडघे धड होते तेव्हा वहिनी आमच्याच मंडळाच्या लाइनीत पाच तास उभ्या राहिल्या होत्या. मूर्तीपाशी पोचल्या, हात जोडले, डोळे मिटले, आणि कुणीतरी खांद्याला धरून सरकवलं, "चला, मागे लाइन आहे!"

डोळे उघडून बघतात तर आप्पा!

*

पहिला दिवस आप्पांनी गुरुजींना विचारून काढला. मंडळाची पूजा सांगतात तेच आमचे गुरुजी.

"गुरुजी, मुहूर्त नको. असा दिवस सांगा, की शहाणा माणूस घराबाहेर पडणारच नाही."

गुरुजींनी पंचांग चाळलं. "पितृपक्षातला बुधवार घ्या. वर दुपारपर्यंत भद्रा. प्रवास वर्ज्य, मौजमजा वर्ज्य, सगळंच वर्ज्य."

आम्ही रजा टाकल्या. बंड्याने गाडी काढली. पार्कात पोचलो तर पाळण्याला तासाभराची लाइन! आप्पांनी शेपूट बघितलं, "सत्तर मिनिटं," म्हणाले. तेवढ्यात पुढून कुणीतरी हात हलवला. बर्म्युडा, गॉगल, डोक्यावर पार्कची टोपी. ओळखायला वेळ लागला.

"गुरुजी! तुम्ही?"

"अहो, तुम्हाला दिवस सांगितला," गुरुजी म्हणाले, "आणि मलाच मोह झाला!"

बंड्याने आयडिया काढली, की वहिनींना बाकावर बसवू, आपण लाइन धरू, नंबर आला की त्यांना आत घेऊ. आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं, की जणू त्याने दानपेटी फोडायला सुचवलंय.

"मधे घुसवायचं? माझ्या बायकोला? माझ्या डोळ्यांदेखत?"

वहिनींनी बाकावर बसून बटाटेवडा खाल्ला आणि आम्ही परत आलो.

*

मग पिंट्या पुढे आला. "आप्पा, पंचांग सोडा. फोनवर दिसतं कुठल्या वारी किती गर्दी असते. मंगळवार, सकाळी अकरा. आलेखातली सगळ्यात छोटी काडी."

पिंट्याने तो स्क्रीनशॉट आमच्या लाइन विभागाच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपात आम्ही चौघंच हवे होतो, पण गणपतीत लागतील म्हणून दीडशे कार्यकर्ते त्यात घेतलेले, ते कुणी काढलेच नव्हते. दीडशेजणांनी आपापल्या मेहुण्यांना पाठवला.

मंगळवारी अकरा वाजता पार्कच्या दारात अर्धं लालबाग! आम्हाला बघून लोकांना कोण आनंद झाला. जो तो येऊन कानाशी लागतो, "आप्पा, आपली दोन माणसं आहेत, मागून सोडा ना!"

"अरे, हे माझं मंडळ आहे का?" आप्पा कळवळून म्हणाले.

वहिनी बाकावरून बोलल्या, "तुमची लाइन बरी. थंय निदान शेवटाक देव तरी गावता!"

*

तिसरा प्लॅन बंड्याचा. "दहावीच्या गणिताच्या पेपराला कोण फिरायला जातंय? बोर्डाचं टाइमटेबल बघून दिवस ठरवू." सगळ्यांना पटलं. आप्पांनी तर त्याची पाठ थोपटली.

त्या दिवशी सकाळी आम्ही गाडीत बसलो, बंड्याने किल्ली फिरवली, आणि गॅलरीतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "अहो, ह्याला सेंटरवर कोण सोडणार?"

बंड्याने मान बाहेर काढली. "हा कशाला जातोय? पेपर दहावीचा आहे ना?"

मग पोरगाच म्हणाला, "पप्पा, मी दहावीत आहे."

बंड्या हळूच आम्हाला म्हणाला, "नववी कधी झाली रे ह्याची?"

गाडी पार्कऐवजी नायगावच्या शाळेकडे वळली. वहिनींनी त्या पोराच्या हातावर दही-साखर घातली आणि त्याला पास होण्याचा आशीर्वाद दिला.

*

एक किस्सा सांगताना मला हसू येत नाही, पण तो गाळला तर खोटेपणा होईल.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळी मुंबई झोपलेली असते, तेव्हा तो दिवस पक्का, असं आप्पांनी काढलं. सकाळी सात वाजता निघायचं ठरलं. मुंबई झोपते हे त्यांचं बरोबर होतं. आम्हीसुद्धा मुंबईतच राहतो, एवढंच लक्षात घ्यायचं राहून गेलं!

मला जाग आली दुपारी एकला. खिडकीतून बघतो तर बंड्याच्या गाडीच्या पायरीवर वहिनी. नवी हिरवी साडी, मांडीवर स्टीलचा डबा. सातपासून बसल्या होत्या.

मी धावत खाली गेलो. "वहिनी, उठवायचं ना आम्हाला!"

"कसो उठवू? तेवीस तास उभे होते ते. तोंडात शिट्टी धरूनच झोपलेत." आणि डबा माझ्यापुढे केला. "घे. नारळाच्या वड्या. पार्कात खाऊक केल्लंय."

मी वडी घेतली. दुसऱ्याच्या लाइनी लावण्यात आम्ही एवढे हुशार, आणि घरच्या एका माणसाचा नंबर काही लागत नव्हता. मला खरंच लाज वाटली.

*

मग गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर काही महिने घरातच. आप्पा घाबरेघुबरे होऊन पंचांग, फोन, टाइमटेबल सगळं घेऊन बसले. वहिनींनी ते तिन्ही उचलून कपाटावर ठेवलं.

"आता दिवस मी सांगतंय. मार्गशीर्षातलो पयलो गुरुवार."

"अगं, त्या दिवशी तुझा उपास. घरात देवी मांडायची असते!"

"म्हणानच. सगळ्या बायका घरात. बायका घरात म्हणजे पोरां घरात. बायका-पोरां नसली तर पार्कात जाता कोण? तुम्ही?"

गुरुवार आला. वहिनींनी पहाटे देवी मांडली, पूजा केली, रताळ्याचा शिरा डब्यात भरला आणि आमच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

पार्कात चिटपाखरू नव्हतं. पार्किंगमध्ये तीन गाड्या आणि एक कुत्रा. आप्पांचा चेहरा पडला. "बंद-बिंद असेल रे. एवढं रिकामं बरं नाही."

पाळण्यापाशी नागमोडी दोऱ्या बांधलेल्या, आत कुणी नाही. तरी आप्पा सवयीने पहिल्या वळणातून शिरले, दुसरं वळण घेतलं आणि थांबले. वहिनी बाहेरच उभ्या होत्या. तेवढी सगळी वळणं चालणं त्यांच्या गुडघ्यांना जड होतं. आप्पा परत आले. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मागे तर दोनदा बघितलं. आणि दोरी वर उचलली.

मंडपात कधी नगरसेवकासाठीही न उचललेली दोरी! पिंट्या फोटो काढायला विसरला.

वहिनी वाकून आत गेल्या. पण पाळण्याचा ऑपरेटर म्हणाला, "काका, दहा माणसं झाल्याशिवाय सुरू करता येत नाही. बॅलन्सचा प्रश्न असतो. बसा, येतील."

आम्ही पाच. अर्धा तास झाला, कुणी येईना. वहिनी पायरीवर बसून गुडघे चोळत होत्या. म्हणाल्या, "ऱ्हावांदे. इलंव, बघितलां, झालां."

आप्पा ताडकन उठले. मधल्या रस्त्यावर गेले, शिट्टी फुंकली आणि आयुष्यात कधी न दिलेली हाळी दिली, "या! या! इकडे या! लाइन नाही! जागाच जागा आहे!"

उरणचं तिघांचं एक कुटुंब आईस्क्रीम सोडून आलं. उरले दोघं. लांब झाडाखाली सांगलीचं नवं जोडपं बसलं होतं. आप्पा तिथे पोचले.

"आम्हाला जरा एकांत हवाय, काका," नवरा लाजत म्हणाला.

"एकांत वर आहे!" आप्पा म्हणाले आणि दोघांना घेऊन आले.

दहा झाले. ऑपरेटरने सगळ्यांना चाकभर वाटून बसवलं. आप्पा आणि वहिनी एका पाळण्यात, त्यांच्या खालच्यात मी आणि डोळे गच्च मिटलेला बंड्या. पाळणा हलला, एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या फेरीला त्या दोघांचा पाळणा अगदी टोकावर जाऊन थांबला.

वर वारा होता. लांब डोंगर, त्यापलीकडे खाडीची एक चकाकती पट्टी. खाली रिकामी पार्किंग. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली, पाळणा जागचा हलेना. आप्पांच्याने ते सहन होईना. त्यांचा हात बाहेर आला, हवेत हलायला लागला आणि आवाज आला, "चला, चला, पुढे चला! थांबू नका!"

मग वहिनींचा हात बाहेर आला. त्यांनी तो हात धरला आणि आत घेतला.

"थांबा मां जरा," त्या म्हणाल्या. "मागे कोण नाय हा."