हवेत गिरवणाऱ्यांसाठी अंगठी

अंगठीवालीची व माझी ओळख प्रौढ वर्गात झाली. छापखान्याच्या बांधणी विभागात मी एकोणचाळीस वर्षे पाने दुमडली. त्यांवरील मजकूर वाचण्यास मात्र सदुसष्टाव्या वर्षी आरंभ केला. एका संध्याकाळी ही तरुण बाई वर्गात आली आणि म्हणाली, "मला तुमचे हात हवेत. रोज थोडा वेळ."

तिने डबीतून काळ्या अंगठ्या काढल्या. माझ्या शेजारच्या शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, "अगं बाई, या वयात अंगठी? घरी म्हातारा रुसून बसेल ना!" सारा वर्ग हसला. तीही हसली.

तिचे काम असे होते. अंगठीला बोटाची हालचाल कळते. ती फोनला कळवते. बोट डावीकडे सरकवले की पान उलटावे. परंतु कोणती हालचाल हुकूम आहे व कोणती नाही, हे वाचनाच्या ॲपला शिकवावे लागते. ते शिकवणे तिच्याकडे होते. ती खिडकीपाशी डोळे मिटून बोटे हलवी. मावळत्या उजेडात ते हात पाण्याखाली असल्यासारखे संथ दिसत. मला वाटे, मी जन्मभर दुमडलेली पाने तिच्या बोटांपुढून एकेक तरंगत चालली आहेत.

माझे पान मात्र टिकेना. अवघड अक्षर आले की मी ते हवेत गिरवून पाहतो. वर्गाच्या शिक्षिकाबाईंनी तसेच शिकवले आहे. गिरवले की पान पळे. माझ्या मंदपणाला पुस्तक कंटाळले, असे मी समजलो व तिला तसे सांगितले.

तिने मला पुन्हा गिरवायला लावले व पळणारे पान पाहिले. मग म्हणाली, "पुस्तक नाही हो काका, चुकतंय ते माझं."

तिच्या कचेरीतील साहेबांचे म्हणणे होते, "म्हाताऱ्यांना हात हलवू नका म्हणावं, झालं!" तिने ते ऐकले नाही. तिने नवा नियम घातला. अंगठ्याने अंगठीवर दोनदा टकटक केल्यावरच पुढची एक हालचाल हुकूम मानायची. गिरवणे, खाजवणे, चष्मा सावरणे, हे सारे ॲपने सोडून द्यायचे.

शनिवारी साहेबांसमोर मी एक पूर्ण गोष्ट वाचायची होती. पान एकदा जरी आपोआप उलटले, तर तिचे वाचनाचे काम बंद होणार आणि अंगठी केवळ गाणी बदलण्यापुरती उरणार.

नव्या नियमाचा मला अजून भरवसा नव्हता; तिचे काम बंद पडू नये म्हणून मी एक युक्ती केली. अंगठीचा हात मांडीखाली दाबून बसलो. पान उलटण्यापुरताच तो बाहेर काढी. जोडाक्षरे अंदाजाने रेटली. साहेब खूश दिसले.

त्या अंगठीने मी आजवर अकरा पुस्तके वाचली, सर्व हवेत गिरवीत. तरीही तिची आठवण झाली की तो शनिवारच प्रथम डोळ्यांपुढे येतो. ती माझ्या खुर्चीपाशी वाकली आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, हात बाहेर काढा. नेहमीसारखं वाचा."