ओवाळणीत घातलेली शर्यत

मोटारींची शर्यत बघायला गावाहून निघणाऱ्याने पहिली शर्यत जवळची निवडावी, रजेत बसणारी निवडावी आणि जिथे हक्काचं जेवण मिळेल तिथली निवडावी, असं शहाणी माणसं सांगतात. मी माझी पहिली शर्यत निवडली ती भावोजींचं नाक कापायला. इतकी वर्षं झाली, पण मला त्याचा जराही पस्तावा नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत कचेरीत कारकून होतो. मोटारी म्हणजे एस.टी.च्या गाड्या, साहेबांची जीप आणि प्रत्येक चढावाला ढकलावी लागणारी एका डॉक्टरांची गाडी. वाचनालयात बोटीने इंग्रजी मासिकं यायची, त्यांत शर्यतीच्या गाड्यांची चित्रं असत. मागे कोणी खाकरेपर्यंत मी ते मासिक सोडत नसे. माझा शौक एवढ्यावर चालला होता.

भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुंबईला नोकरीत. दर शिमग्याला आले की आमच्या ओटीवर मांडी ठोकून जुहूच्या धावपट्टीवरच्या शर्यतींचं वर्णन करायचे. "तुम्ही लोक एस.टी. घाट उतरेपर्यंत देव पाण्यात घालून बसता! आमच्या मेव्हण्याला विचारा, बैलगाडीच्या वर वेग बघितलाय का त्याने?" सगळी आळी हसायची. जावयाला उलट उत्तर द्यायची आमच्याकडे सोय नव्हती. मी दात ओठ खात बसायचो आणि आई त्यांच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढायची.

एका वर्षी ते स्वतःच म्हणाले, "यंदा ये मुंबईला. तिकीट काढून ठेवतो."

मी रजा टाकली. आमसुलं, फणसपोळ्या आणि कुळथाचं पीठ असं गाठोडं घेऊन पडावातून, म्हणजे किनाऱ्यावरच्या होडीतून, बोटीवर चढलो आणि मुंबईला पोचलो. रविवारी दुपारी इस्त्रीचा सदरा घालून मी चपला चढवत होतो, एवढ्यात भावोजींच्या हपिसातला एक मित्र दारात उभा राहिला. भावोजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तुझ्या ताईचा पाय मुरगळलाय. चार वाजता नळाला पाणी येतं, तिच्याने बादल्या उचलायच्या नाहीत. तू थांब. तुला तरी त्यातलं काय कळणार?" आणि माझ्या तिकिटावर तो मित्र गेला.

मी चाळीच्या नळावर बायकांच्या रांगेत उभा राहिलो. खालच्या मजल्यावरून बादल्या आणून मोरीतलं पिंप भरलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. ताई लंगडत दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मनाला लावून घेऊ नको रे. मला तरी कुठे नेलंय कधी? रविवार असो, काही असो, चार वाजले की मी आणि हा नळ."

संध्याकाळी भावोजी धुळीने माखून आले. भरलेल्या पिंपातलं पाणी त्यांनी तांब्यामागून तांब्या अंगावर ओतलं आणि ओतता ओतता मला शर्यतीचं वर्णन ऐकवलं. त्याच वेळी मी मनाशी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

पहिला विचार मद्रासचा. तिथेही जुन्या विमानतळावर शर्यती होतात असं वाचलं होतं. एस.टी.ने कोल्हापूर, पुढे आगगाडी. भावोजींनी न बघितलेली शर्यत बघून यायची आणि शिमग्याला भर ओटीवर त्यांचं तोंड बंद करायचं. गावी परतल्यावर आईला सांगितलं, तर ती कुळीथ पाखडता पाखडता म्हणाली, "ताईचं हक्काचं घर असताना मद्रासेस कशाला रे तडमडतोस? आणि तू मद्रासेस गेलास हे त्यांस दिसणार कसं? ते म्हणतील, थापा मारतोय!"

हे मात्र खरं होतं. सूड कसा समोरासमोर दिसला पाहिजे. मद्रास रद्द झालं आणि जुहू ठरलं.

शेजारचे चाचा बोटीवर नोकरीला होते. दिवाळीनंतरच्या रविवारी जुहूला शर्यत आहे ही बातमी त्यांनीच आणली आणि तिकिटंही त्यांनीच आणून दिली. "दोनच? दुल्हेभाईंना नको?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "भावोजींना नाही. दोनच."

भाऊबीजेला मी मुंबईला जाऊन ताईच्या पाटावर बसलो. त्या दिवशी बहिणीच्या घरी जावयाला कोण विचारतो! मान भावाचा. ताईने ओवाळलं आणि मी तबकात दोन तिकिटं टाकली. "एक तुझं, एक माझं. रविवारी जायचं."

ताई तिकिटांकडे बघतच राहिली. भावोजींनी मान पुढे केली. "आणि माझं?"

"ओवाळणी बहिणीची असते, भावोजी. तुमचा मान दिवाळसणाला झाला की."

शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या. ओवाळणी परत घ्या असं त्यांच्यादेखत कोणता नवरा म्हणेल? भावोजी ओठ चावत करंजी खात बसले. मला त्या दिवसाचा फराळ फार गोड लागला.

रविवारी ताई ठेवणीतलं लुगडं नेसली. आम्ही निघालो तेव्हा भावोजी दारात उभे होते. बराच वेळ घुटमळून त्यांनी विचारलं, "पाणी किती वाजता येतं गं?"

त्या घरात इतकी वर्षं राहिलेला माणूस! मला नळावर उभं करताना चार वाजता हे तोंडपाठ होतं, आणि आता विसरले. ताईने फक्त बादल्यांकडे बोट दाखवलं आणि ती जिना उतरली.

शर्यत मी बघितली. गाड्यांची घरघर पोटात घुमत होती आणि धूळ दातांखाली करकरत होती. पण खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. चार वाजले तसा मी मोठ्याने हसलो. ताईने का हसलास म्हणून विचारलं नाही. तीही हसत होती.

परतलो तेव्हा भावोजी ओल्या धोतराने जिना चढत होते, दोन्ही हातांत बादल्या, आणि गॅलरीतल्या बायका कठड्याला टेकून बघत होत्या. पिंप अर्धंच भरलं होतं. ताई केसांतल्या धुळीसकट खाटेवर बसली, तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, "पुढची कधी रे?"