बिनचमकीचा मॉनिटर

नातीला शाळेच्या अभ्यासाला अन् गेम खेळायला मॉनिटर घ्यायचा होता. दुकानात एक चकचकीत होता, त्यात माणसाचं तोंड दिसायचं. मी म्हटलं, "हाच घे गं."

ती हसली, "आज्जे, आरसा घ्यायला आलोय का आपण? डोळ्यावर चमकतं ते." अन् तिनं बिनचमकीचा घेतला.

घरात माझी खाट तिच्या खुर्चीच्या मागं. चकचकीत असता तर खाटेवरनं तिचं तोंड तरी दिसलं असतं. आता शाळेतनं आली की तिची पाठच बघते.

नवरा गेल्यावर हिच्या आईला पाठीशी बांधून मी खडी फोडली. तेव्हाबी लेकराचं तोंड दिसायचं नाही. पण तिचा श्वास मानेला लागायचा.