मिठाची खाज

गरोदर बाई दिसली की बायकांची नजर आधी पोटाकडे जाते. आमच्या कोळीवाड्यातली सुईण धाकलीआय मात्र पहिल्यांदा तिचे तळहात उलटे करून बघायची, मग तिला ओट्यावर बसवून तळपाय. डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन बाई नागावच्या बाजाराला निघालेली असली, तरी "दाव गो हात!" म्हणून वाट अडवायची. नव्या सुनांना वाटायचं, म्हातारी भविष्य सांगते. ही सवय तिला माझ्यापायी लागली होती.

तशी ती आपल्या कामात पक्की. पोट ताणून खाज सुटली की कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ आणि वर खोबरेल. गालांवर वांग उमटले म्हणून एखादी रडायला लागली की म्हणायची, "रडतंस कनाला? पोर बाहेर आला का वांग पन जाईल. आनि न्हाय गेला तर नवरा कुठं पलून जातोय?" रडणारी हसायचीच.

स्वातंत्र्यानंतर दहाएक वर्षांनी मी पहिलटकरीण होते. आठवा महिना, शिमगा तोंडावर आलेला, अंगणात मासळी खारवण्याचं काम जोरात. माझे तळहात आणि तळपाय खाजायला लागले. ना पुरळ, ना गांधी उठलेल्या. नुसती खाज, रक्त येईस्तोवर. धाकलीआय म्हणाली, "मिठाची खाज गो ती. सगल्यांचेच हात खाल्ले या मिठानं." कोळणीला हे पटायला कितीसा वेळ लागतो! तिने माझं मिठाचं काम बंद करवलं, रोज येऊन स्वतः तेल चोळलं. पंधरा दिवस मी मिठाला शिवले नाही, तरी खाज वाढतच गेली. "मुरलेला मीठ हाय, निंगायला येल लागल," ती म्हणाली. मग एका सकाळी पोटातलं बाळ हललं नाही. दुपारीही नाही. मुलगा झाला, डोकंभर केसांचा. तो रडलाच नाही.

सगळे म्हणाले, देवाची मर्जी. महिन्याभराने धाकलीआय एकटीच अलिबागला चालत गेली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारून आली. जन्मात दवाखान्याची पायरी न चढलेली बाई! परतली ती थेट माझ्या दारात. "ती मिठाची खाज नव्हती गो. पित्त रक्तात उतरतं, पोटातल्या पोराला बाधतं. अंगाव डाग न्हाय नि तलवे खाजतात, तर लगेच आनायची होती, बोलल्या. माजी चूक झाली."

सासूबाई म्हणाल्या, "जाऊं दे, देवानंच नेला." तशी ती उसळली, "देवाव कनाला ढकलतंस? खाज तिनं मना सांगलेली, देवाला न्हाय!"

मी तिच्या तोंडावर दार लावलं. पुढे चार वर्षं तिच्याशी बोलले नाही. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात शापही दिले.

दुसऱ्या खेपेला आठव्या महिन्यात खाज पुन्हा आली. भीतीने घरात कुणाला सांगितलं नाही. धाकलीआय न बोलावता आली, माझा हात धरून उलटा केला, मग ओरबाडलेले तळपाय पाहिले.

"मीठ शिवतंस?"

"नाही."

"ऊठ मग."

त्याच दुपारी बैलगाडीने तिने मला अलिबागला नेलं. डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतलं, रोज बाळाचे ठोके तपासले आणि दिवस भरायच्या आधीच कळा आणून मला मोकळी केली. मुलगी झाली, आणि रडली! बाई गं, काय ते रडणं! धाकलीआय दाराशी उभी होती. मी पोर पुढे केली तर दोन पावलं मागे सरली. "मी न्हाय घेनार. माज्या हातांव मना भरोसा न्हाय."

त्यानंतर तिने कितीजणींना तळवे बघून अलिबागला धाडलं. माझ्या मुलीला मात्र शेवटपर्यंत कडेवर घेतलं नाही, आणि मीही कधी आग्रह केला नाही. माझ्या या ताठ्याची मला आज लाज वाटते.

मुलगी पाच वर्षांची झाली त्या साली धाकलीआयने अंथरूण धरलं. शिमगा जवळ आला होता. मी भेटायला गेले. तिला ओळख पटायला वेळ लागला. मग सवयीने तिने माझा तळहात उलटा केला आणि बघत राहिली.

"तुजा मोठा आता नव वर्सांचा झाला असता. व्हय ना गो?"

मला वाटायचं, त्याचं वय मी एकटीच मोजते. उशाशी खोबरेलाची वाटी होती. मिठाने चिरलेले तिचे तळवे मी मांडीवर घेतले आणि चोळत बसले.

"व्हय गो आय," मी म्हटलं.

नऊ वर्षांत तिला पहिल्यांदाच आय म्हटलं होतं. तोवर तिचे डोळे मिटले होते.