केळीच्या खोक्यांवर माझी वेबसाइट

मंडळी, तुमच्यात कोणाला वेबसाइटमधलं कळत असेल तर सांगा. माझं सकाळपासून डोकंच चालत नाहीये.

खानदेशी पदार्थांची माझी छोटीशी वेबसाइट आहे. घरच्यांशिवाय ती कोणी उघडत नव्हतं. म्हणून मागच्या आठवड्यात क्यूआर कोडचे स्टिकर छापले आणि रावेरला मामेभावाकडे दिले. तो केळीच्या पॅकिंगचं काम बघतो. म्हणाला, "ताई, खोक्यांवर लावून देतो, लांबपर्यंत जातील."

गेले खरे. आज बघते तर साइटवर ही गर्दी, आणि सगळे दिल्ली-पंजाबकडचे. मी आनंदाने मेसेज उघडले. एकजण विचारतोय, केळी अजून हिरवीच आहेत, पिकणार कधी? दुसऱ्याने दबलेल्या केळ्यांचा फोटो पाठवलाय आणि बदलून मागतोय. माझ्या कळण्याच्या भाकरीबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही.

दुपारी इथे एरंडोलला शेजारचे नाना ओट्यावर बसले होते. त्यांना विचारलं, "नाना, तुम्ही का नाही हो उघडत माझी साइट?"

"तू आठेच शे ना. मंग मोबाइलमा कसाले देखू?"

मी इथेच समोर असताना मोबाइलमध्ये कशाला बघायचं, म्हणे. आणि लगेच विचारलं, कळण्याला ज्वारीत उडीद किती टाकायचे, सूनबाई विचारत होती. साइटवर पहिल्याच पानावर आहे ते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं.

उरलेले स्टिकर समोर पडलेत. नानांच्या दारावर लावू, की केळी कशी पिकवायची ते लिहायला बसू?