उजेडबाईंची खोली

ऑफिसात तिला सगळे उजेडबाई म्हणायचे, आणि बसायला दिली होती तळघरातली बिनखिडकीची खोली. पूर्वी तिथे रंगाचे डबे ठेवत. हवा दमट झाली की भिंतीतून अजून टर्पेंटाइनचा वास सुटायचा.

काम मात्र उजेडाचंच. इमारतीचा नकाशा आला की ती कॉम्प्युटरवर खोल्या उभ्या करायची, छताला दिवे लावायची. शाळेच्या बाकावर, दवाखान्याच्या खाटेवर किती उजेड पडेल ते सॉफ्टवेअरकडून काढून घ्यायची आणि सगळं रिपोर्टात मांडायची. तो हातात घेऊन इलेक्ट्रिशियन दिवे बसवायला जात. ही आपली इथेच, फडफडणाऱ्या ट्यूबखाली.

नोकरी सोडायचं कितीदा मनात आलं. पण आई अंथरुणाला खिळलेली, आणि घर दोन गल्ल्या सोडून. दुपारच्या सुट्टीत धावत जायचं, आईला भरवायचं, कुशीवर वळवायचं, की पुन्हा धावत परत. एवढ्या जवळ दुसरं ऑफिस कोण उघडून ठेवणार होतं?

एक दिवस साहेब खाली आले. म्हणाले, "आपण याच इमारतीत पाचव्या मजल्यावर जातोय. आपल्याच नव्या ऑफिसचं लायटिंग करा."

पाचवा मजला! तीन बाजूंना खिडक्या. तिने आधी सगळ्यांची टेबलं मांडली आणि मग, कुणी न सांगता, स्वतःचं टेबल पूर्वेच्या खिडकीशी नेऊन ठेवलं. सॉफ्टवेअरने लगेच तिथे लाल डाग दाखवला. स्क्रीन चमकणार! तिने टेबल आडवं फिरवलं, पडदा अर्धा खाली घेतला. डाग गेला. त्या दिवशी आईला भरवताना ती चक्क गुणगुणत होती.

साहेबांनी नकाशा बघितला. "झकास! फक्त खिडकीपाशी क्लायंट बसू देत. तुमचं टेबल आतल्या खोलीत घ्या. तुम्हीच लिहिता ना रिपोर्टात, खिडकीशी स्क्रीन चमकतो म्हणून?"

"टेबल आडवं केलं की नाही चमकत, साहेब."

"असू द्या हो. आत शांत आहे. तुम्हाला काय, नजर स्क्रीनवरच."

तिने नकाशावर आपलं टेबल आतल्या खोलीत सरकवलं.

दुपारी आईने विचारलं, "चेहरा का उतरलाय?" तिने सांगून टाकलं. आई छताकडे बघत म्हणाली, "मी गेले की सुटशील तू."

"असलं काही बोलू नकोस हं!" ती खेकसली. पण आईला कुशीवर वळवताना तिने नजर चुकवली. हा विचार आईच्या आधी तिच्याच मनात येऊन गेला होता, आणि तो काही केल्या पुसला जात नव्हता.

आतल्या बिनखिडकीच्या खोलीचे दिवेही तिनेच आखले. हात आखडता घेतला नाही. सावली पडणार नाही, डोळे दुखणार नाहीत, असे चार दिवे बसवून घेतले.

सामान वर हललं तेव्हा हिशेबनीस डोकावून म्हणाल्या, "चंगळ आहे बाई तुमची! ऑफिसातला सगळ्यात छान उजेड तुमच्याकडेच."

"हो ना," ती म्हणाली.

तक्रार करायला आता कुठे बोट ठेवायलाही जागा उरली नव्हती. बाहेर ऊन आहे की आभाळ, ते तिला दुपारी आईकडे धावताना जिन्यात कळायचं.