किसनरावांनी निवडलेले इंजिन

खरवईचे किसनराव रोकडे अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याने जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा त्यांनी एक विलीज जीप घेतली. सुट्टीच्या दिवशी बारवी धरणाकडच्या गावांची माणसे ते तिच्यातून पोचवत. मी बदलापूरच्या शाळेत शिकवायची आणि त्यांच्या शेजारी राहायची. माणूस कमी बोलणारा. बोललेच तर जीपबद्दल, तेही घरातल्या कुणाबद्दल बोलावे तसे: "आज जरा रुसलीय."

पण त्यांना खरा मान होता तो चौदा एप्रिलचा. जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर त्यांच्याच जीपवर असे. मागे पांढऱ्या साड्यांतल्या बायका आणि सगळ्यांत पुढे किसनरावांच्या पत्नी द्रौपदीबाई, जीपच्या मागच्या फळीवर हात ठेवून बाबासाहेबांच्या जन्माचा पाळणा म्हणत चालायच्या. त्यांचा आवाज गोड म्हणावा असा नव्हता, जाडसर होता. पण लांब पोचायचा. त्या कडवे म्हणत, बायका ते उचलून घेत. पेट्रोलचे ते इंजिन पहिल्या गिअरमध्ये इतके हळुवार चाले, की पुढे बसलेल्या किसनरावांना प्रत्येक ओळ ऐकू येई. ओळ लांबली की ते गाडी आणखी सावकाश घेत, बायकांनी धृपदाची ओळ धरली की जरा पुढे सोडत. मागे वळून कधी पाहत नसत. नवरा-बायकोत एरवी कामापुरते बोलणे. त्या दिवशी मात्र दोघांचे सगळे बोलणे होऊन जाई.

शहाऐंशीच्या मिरवणुकीत इंजिन तापून कुळगावच्या चौकातच बंद पडले. पोरे धावली, हसत-खिदळत जीप ढकलू लागली. त्यांतला एकजण ओरडला, "किसनदादा, घोडं म्हातारं झालं, आता पेन्शन द्या त्याला." सगळे हसले. द्रौपदीबाईंनी तर पाळणा थांबवलाही नव्हता. मी त्यांच्याबरोबर चालत होते आणि मला ती मिरवणूक नेहमीपेक्षा रंगलेली वाटली. किसनरावांना मात्र ते फार लागले. तसबीर ठेवलेली गाडी ढकलावी लागली, हे त्यांच्या मनातून जाईना.

मेकॅनिकने सांगितले की ब्लॉकला चीर गेली आहे, इंजिन बदलावेच लागेल. तेव्हा ते उल्हासनगरला निघाले. मला शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कापड घ्यायचे होते आणि द्रौपदीबाईंना सोबत हवी होती, म्हणून आम्हीही गेलो.

जुन्या इंजिनांचे व्यापारी चंदरशेठ सिंधी होते, बोलायला मोठे मोकळे. त्यांच्या गाळ्यात दोन इंजिने होती. एक जीपच्याच जातीचे, पेट्रोलचे, दुरुस्त करून ठेवलेले. दुसरे डिझेलचे.

"साईं, पेट्रोल म्हणजे शौक," चंदरशेठ म्हणाले. "धंदा करायचा तर डिझेल घे. घाट चढव, पूर्ण सवारी भर, हूं की चूं नाही करणार."

"तापेल का?"

"ये तापेल? तू तापशील, ये नाही तापणार."

किसनराव दोन्ही इंजिनांभोवती फिरले, वाकून पाहिले, बोटाने तेल पुसून वास घेतला. मग बायकोकडे वळून म्हणाले, "बोल, कुठलं घेऊ?"

"मला काय कळतंय त्यातलं," द्रौपदीबाई म्हणाल्या. मग डिझेलकडे बोट करून त्यांनी विचारले, "याचा आवाज कसा हाय?"

"आवाज?" चंदरशेठ खूश झाले. "भाभी, शेर आहे शेर. बदलापूरला चालू केला तर कर्जतला ऐकू जाईल."

किसनराव हसले. द्रौपदीबाई पदर सारखा करत माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "चला बाई, कापड बघू." डिझेलचे इंजिन ठरले. जुने चंदरशेठनी भंगारात घेतले.

चंदरशेठ खोटे बोलले नव्हते. जीप भरून चढ चढायची, पुन्हा कधी तापली नाही. पुढच्या जयंतीला ती चौकात आली, तेव्हा दुकानदार बाहेर येऊन पाहू लागले. तसबिरीची काच सारखी थरथरत होती. सायलेन्सरचा काळा धूर थेट पांढऱ्या साड्यांवर. द्रौपदीबाईंनी पहिले कडवे घेतले, दुसरे घेतले, मग खोकत बाजूला झाल्या. बायका मागे मागे राहत लेझीमच्याही पाठीमागे गेल्या. किसनराव एकटेच पुढे निघून गेले. कोणी मागे राहिले आहे, हे त्यांना बऱ्याच अंतरावर गेल्यावर, आरशात पाहून कळले. इतकी वर्षे त्यांना आरशाची गरज पडली नव्हती.

त्यानंतर दोनदा जीप मिरवणुकीत होती. मग मंडळातल्या पोरांनी लाउडस्पीकर लावलेला ट्रक ठरवला आणि किसनरावांना आदरानेच सांगितले, "दादा, तुम्ही आता आराम करा." त्यांनी मान हलवली.

त्या वर्षापासून ते पेट्रोलचे इंजिन शोधू लागले. चंदरशेठ हसले, "साईं, लोक पेट्रोल काढून डिझेल टाकतात, तू उलटा चाललास." अखेर त्र्याण्णव साली तसे एक मिळाले. किसनरावांनी ते स्वतःच्या हातांनी बसवले. भाड्याच्या फेऱ्या त्यावर परवडत नाहीत, हे त्यांना माहीत होते. त्यांनी त्या बंदच केल्या. इंजिन सुरू करून त्यांनी द्रौपदीबाईंना अंगणात बोलावले.

"ऐक. येतो काही आवाज?"

द्रौपदीबाईंनी ऐकले. "नाही येत," त्या म्हणाल्या. "चांगलं हाय. पण आता ओळ झेलणाऱ्या बाया कुठून आणू? गंगू वारली, भागीरथी लेकीकडे सोनिवलीला गेली. नव्या पोरींना कॅसेटची गाणी येतात, त्यांना पाळणा येत नाही."

"मग तू म्हण. मी चालवतो."

"एकटीनं म्हणायचा असतो का पाळणा?"

पुढच्या जयंतीला मी चौकात उभी होते. ट्रक गेला, नाचणारी पोरे गेली आणि सगळ्यांच्या शेवटी ती जीप आली, माणसाच्या पावलाने. द्रौपदीबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. जीप जवळ आल्यावर मी किसनरावांच्या बाजूला जाऊन वाकले आणि विचारले, "पाळणा म्हणताहेत ना?"

ते पुढे ट्रककडे पाहत होते. तिकडचे कर्णे साऱ्या चौकात घुमत होते.

"म्हणत असेल, बाई," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."